बाळंतिणीच्या शेगडीवर माझं औषध

माझी लेक बाजेवर बसून हवेतून काहीतरी वेचत होती. दोन बोटांच्या चिमटीत धरायची, पदरात टाकायची, पुन्हा हात वर करायची. तिथे काही नव्हतं. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता, ओठ सुकून फाटले होते आणि डोळ्यांतली काळी बाहुली एवढी पसरली होती की बाकीचा डोळा दिसतच नव्हता. तिची तान्ही पोर शेजारी निपचित पडली होती. बाजेखाली शेगडी होती, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकलेला होता आणि खिडकी गोणपाटाने बंद केल्यामुळे सगळा धूर खोलीत कोंडला होता. माझी सासू हातात काढ्याचा पेला घेऊन तिच्या तोंडाशी नेत होती.

"पी वं पोट्टे, पी. वात उतरते यानं."

मी अंगणात होते, खोलीच्या दारापासून चार हात लांब. मला पाळी आली होती, म्हणून मी बाहेर बसले होते. अशा बाईने बाळंतिणीच्या दारातही उभं राहायचं नसे.

"आत्याबाई, तो काढा देऊ नका. जितका देता तितकी ती बिघडून राहिली."

"तू दूर सरक. लेकरावर सावली पडते तुही."

"तो ओवा कोणत्या डब्यातला आहे?"

सासू वळली. तिच्या तोंडावर हसू होतं. "तुह्या ट्रंकेतला. बाळंतिणीच्या तोंडचा ओवा चोरून लुगड्याखाली ठेवते! आई आहेस का कोण आहेस वं तू? सापडला मले, समदा सापडला. बरणीत ओतला."

तो ओवा नव्हता. ते माझं झोपेचं औषध होतं. आणि ते माझी लेक आदल्या दिवसापासून पीत होती आणि धुरातून ओढत होती.

हे औषध माझ्या ट्रंकेत का होतं ते सांगते, म्हणजे मला चोर म्हणणाऱ्यांची सोय होईल.

माझं वय तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीस असेल. नक्की माहीत नाही, मुलींची जन्मतारीख आमच्याकडे कुणी लिहून ठेवत नसे. नागपूरला महालात आमचं घर होतं. नवरा कचेरीत कारकून. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. मोठा मुलगा कामटीला नोकरीला, मधली दोन लेकरं लहानपणीच गेली, आणि ही धाकटी लेक लग्न होऊन उमरेडला गेलेली. घरात मी, नवरा आणि सासू. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर सासूचं होतं. मी त्यात काम करत होते.

पाळी जायचे दिवस आले आणि माझं शरीर माझ्यावर उलटलं. याबद्दल कुणी बाई बोलत नसे, म्हणून मीच लिहिते. भर थंडीत, पहाटे चूल पेटवायच्याही आधी, पोटातून एक वाफ उठायची आणि मानेपर्यंत चढायची. पोलकं भिजून जायचं. मग पाच मिनिटांत दात वाजायचे. छातीत अशी धडधड व्हायची की पाण्याची घागर खाली ठेवून भिंत धरावी लागे. कुणाच्या हातून भांडं पडलं तर मी दचकून रडायला लागायची, आणि रडले म्हणून स्वतःचाच राग यायचा. राग तर विचारू नका. पोळी लाटताना सासू मागून बोलली की लाटणं बाजूला ठेवून हात मागे बांधावे लागत. झोप नव्हतीच. डोळा लागायचा आणि कुणी हाक मारल्यासारखी जाग यायची.

सासू म्हणायची, "आमाले काई झालं नाही असं. आमाले फुरसतच नव्हती." मग शेजारणींना सांगायची, "वारं शिरलं तिच्या डोक्यात. उद्या लुगडं फेडून रस्त्यानं पळते का काय, पाहत राहा." शेजारणी हसायच्या. त्यांतल्या दोघींची गत माझ्यासारखीच होती हे मला पुढे कळलं. तेव्हा त्याही हसत होत्या.

त्यात बाहेर बसण्याची भानगड. पाळी नेमाने येते तोवर घर तिच्या हिशेबाने चालतं. माझी दोन-दोन महिने यायची नाही आणि मग एका महिन्यात दोनदा यायची. स्वयंपाक करता करता यायची. मग शिजवलेलं अन्न गाईला, भांडी राखेने घासायची, देव पुन्हा धुवायचे. सासू म्हणायची मी मुद्दाम करते. जणू माझ्या हातात होतं ते. आजकालच्या शिकलेल्या बायका म्हणतात, पूर्वी त्या निमित्ताने बायकांना विश्रांती मिळायची. मिळायची. गोठ्याच्या भिंतीला टेकून, गोणपाटावर, थाळी लांबून सरकवलेली. ज्यांना ती विश्रांती हवी असेल त्यांनी घ्यावी.

शेवटी एकदा आमटीचं पातेलं माझ्या हातून सासूच्या पायाजवळ पडलं. मी फेकलं नव्हतं, पडलं होतं. पण नवरा घाबरला. त्याने विचारलं, "अवं, तुले पागलखान्यात ठेवू का काय करू?" आणि दुसऱ्या दिवशी वैद्याकडे नेलं.

वैद्याने माझी नाडी धरली आणि बोलला नवऱ्याशी. गाय दाखवायला आणावी तसं. "वायू वर चढला आहे. या वयात बायकांचं डोकं फिरतंच. दोन-तीन वर्षं सांभाळून घ्या." मला त्याने एकच प्रश्न विचारला, शौचाला होते का. बाकी सगळं नवऱ्यालाच विचारलं आणि नवऱ्याने सगळी उत्तरं चुकीची दिली. झोप येते का, तर म्हणे येते. तो स्वतः घोरत असतो, त्याला काय माहीत.

तरी त्याची सगळी औषधं फुकट होती असं मी म्हणणार नाही. घेतली मी, म्हणून सांगते. आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधाची, पूड रात्री दुधात घ्यायची होती. तिला खरोखरच घोड्याच्या घामासारखा वास येतो. पहिले काही आठवडे काहीच कळलं नाही, मग पायांतलं पोकळपण कमी झालं, जिना चढताना दम राहायला लागला. शतावरीचा कल्प दिला होता, तो गोड होता एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल. वाफा त्याने थांबल्या नाहीत. ब्राह्मीचं तेल डोक्यावर थापायचं होतं. तेल कोणतंही थापलं तरी बरं वाटतं. पण जटामांसीने मला खरा गुण आला. केसांच्या गुंत्यासारखी मुळी असते, रात्री पाण्यात भिजवायची आणि सकाळी गाळून ते पाणी प्यायचं. कडू असतं. पण छातीतली धडधड त्याने उतरली. घागर मध्येच खाली ठेवायची वेळ येईनाशी झाली.

दुधावरून रोज भांडण. सासू पेल्यात डोकावायची. "दूध कोणासाठी आता? तुले का लेकरू होणार आहे?"

"नाही होणार. तुमाले तरी होणार आहे का? तुमी कशाले पिता?"

"पाहा, पाहा गा," ती नवऱ्याला हाक मारायची, "जीभ पाहा हिची." नवरा पेपर वर धरायचा.

एवढं सगळं घेऊनही झोप आली नाही. तेव्हा वैद्याने शेवटचं औषध दिलं. बारीक करडे दाणे, दिसायला अगदी ओव्यासारखे. बाजारात त्याला खुरासानी ओवा म्हणतात. खऱ्या ओव्याशी त्याचं नातं दिसण्यापुरतंच. तळहातावर चोळला तर ओवा नाकात जातो, या दाण्यांना तसला वास येत नाही. वैद्य नवऱ्याला म्हणाला, आणि मी शेजारीच बसले होते, "चिमूटही पुरती नको, अर्धी. कुटून गुळात गोळी. याहून जास्त गेलं तर माणूस भ्रमतो, जीवही जातो. लहान लेकरं आणि बाळंतीण यांच्या हाती पडू देऊ नका." नवऱ्याने मान डोलावली.

आता नवऱ्याला दर वेळी इतवारीतल्या दुकानात उभं राहून बायकोच्या डोक्याचं औषध मागायची लाज वाटायची. ओळखीचे लोक भेटतात म्हणे. म्हणून त्याने एकदाच एवढं आणलं की घरातल्या सगळ्यांना झोपवता आलं असतं. मी ते पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. याहून जास्त काय करायचं होतं ते मला कुणी अजून सांगितलेलं नाही. गोळीने मला झोप यायची. सकाळी तोंड कोरडं पडायचं, पण झोप यायची. कित्येक महिन्यांनी मी माणसात आले होते.

हिवाळ्यात लेक बाळंतपणाला आली. पहिलंच. मुलगी झाली. सासूने "पहिली बेटी, धनाची पेटी" वगैरे काही म्हटलं नाही, तोंड वाकडं केलं. बारसं झालं. सोयर फिटलं, लेक न्हाऊन शुद्ध झाली, आणि तिचं खाणंपिणं, शेक, धुरी सगळं माझ्या हातात होतं. एके सकाळी डिंकाचे लाडू वळताना माझ्या पोटात कळ आली. महिना व्हायचा होता, पण आली.

बाहेर बसायचं तर किल्ल्या सोडायच्या, ही आमच्या घरची रीत होती. जुडगा जमिनीवर ठेवायचा, सासू त्यावर पाणी शिंपडायची आणि उचलायची. मी जुडग्यातून ट्रंकेची किल्ली काढायला लागले.

"ती काहून काढून राहिली?"

"ती माह्या ट्रंकेची आहे."

"विटाळात किल्ली जवळ ठेवते का कोणी? ठेव खाली."

मी म्हटलं, "ट्रंक उघडू नका. त्यात माहं औषध आहे." मी हे म्हटलं. शेजारणीनेही ऐकलं, ती तेव्हा विहिरीवर होती. सासूने पाणी शिंपडलं, जुडगा उचलला आणि कमरेला खोचला. बाहेर बसलेल्या बाईचं बोलणं आणि गोठ्यातल्या म्हशीचं ओरडणं त्या घरात सारखंच होतं.

तिला वाटलं, औषध म्हणते म्हणजे काहीतरी लपवते. लाडवांचं तूप लपवते, खसखस लपवते, काय लपवते. ती तासाभरातच ट्रंकेशी गेली असेल. डबा उघडला. तिला ओवा दिसला. बाळंतिणीचा ओवा तेवढ्यात कमी पडायला आला होता, कारण धुरीला, काढ्याला, पोरीच्या पोटावर शेकायला, सगळ्याला ओवा. तिचा हिशेब जुळला. सून चोर निघाली. वास घेऊन पाहिला असता तर कळलं असतं, पण ती दिवसभर नाकात तपकीर भरायची. तिला सांडलेलं रॉकेल समजत नसे. तिने डबा बरणीत उलटा केला आणि मला काही बोलली नाही. चार बायका जमल्यावर बोलायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आजी, तोंड लय सुकून राहिलं." पाणी पिऊनही सुकतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, भिंत हलते. सुईण आली, तिने पोटाला हात लावला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाळंतवात आहे. ओवा वाढवा. धुरी बंद करू नका." बाळंतवाताला ओवा द्यायचा हे आमच्याकडे चुलीतल्या राखेलाही माहीत होतं. म्हणून सासूने काढा दाट केला, शेगडीत मूठ टाकली आणि खिडकीला गोणपाट लावलं. लेक आणखी बिघडली. म्हणून आणखी ओवा. तिला काय झालं आहे हे मी अंगणातून पाहत होते आणि मलाही आधी वातच वाटला. ती हवेतून वेचायला लागली आणि मी तिचे डोळे पाहिले, तेव्हा मी सासूला डबा विचारला. पुढचं वर सांगितलं आहे.

नवरा ओसरीवर होता. कोट चढवला होता, टोपी घालत होता.

मी ओरडून म्हटलं, "अहो, ते माहं झोपेचं औषध आहे. वैद्य काय बोलले होते ते सांगा तुमच्या मायले. बाळंतिणीच्या हाती पडू देऊ नका म्हटलं होतं का नाही?"

सासू म्हणाली, "काय गा? काय म्हणते ही?"

नवऱ्याने टोपी सरळ केली. माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. "मले काही आठवत नाही," तो म्हणाला. "माय करून राहिली ते करू दे. चार बाळंतपणं केली तिनं."

लेकीने पेल्याला तोंड लावलं होतं.

मी आत गेले. उंबरठा, विटाळ, सावली, काय असेल ते ओलांडून गेले. पेला हाताने उडवला, तो भिंतीवर गेला. शेगडी पायाने बाहेर ढकलली, पाय पोळला. गोणपाट ओढून काढलं. सासूने माझा अंबाडा धरला आणि ती किंचाळायला लागली, "शिवली! शिवली वं बाळंतिणीले! मेली, मेली माही पोट्टी!" मी तिला ढकललं. ती दाराच्या चौकटीवर आपटली. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

तान्ही पोर उचलली आणि अंगणात, उन्हात, गोणपाटावर नेऊन ठेवली. परत आत गेले. लेकीला मिठाचं पाणी पाजलं. ती पीत नव्हती. नाक दाबलं की तोंड उघडायची. घशात बोट घातलं, तिने बोट चावलं. चांगलं चावलं, खूण राहिली. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "ही बाई कोण आहे? इले बाहेर काढा." मी म्हटलं, "बाहेर काढतात नंतर, आधी ओक." ओकली. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. तिसऱ्यांदा काळसर काही पडलं, त्यात दाणे होते.

तोवर आरडाओरडा ऐकून शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावत होत्या. सासू अंगणाच्या मध्ये उभी, हातात ती बरणी.

"पाहा वं बायांनो! चोरून ठेवलेला ओवा सापडला तं आता जहर म्हणून राहिली. विटाळशी बाई खोलीत घुसली, पोट्टीले शिवली, आणि जहर मी दिलं म्हणते!"

एक म्हणाली, "डोकं फिरलं तिचं, तुमीच तं सांगत होत्या."

दुसरी म्हणाली, "पण पोट्टीचे डोळे तं पाहा वं काकू, घुबडावानी झाले."

"डोळे वातानं होतात!" सासूने बरणीत हात घातला आणि तळवा भरून दाणे काढले. "जहर आहे का हे? जहर आहे? हा पाहा, मी खातो. मेली तं जहर, नाही मेली तं ही खोटी."

आणि नवरा ओसरीवरून उडी मारून आला. "माय, नको! नको खाऊ ते, माय!"

तिने तोवर तोंडात टाकलं होतं आणि चावत होती.

नवऱ्याने तिचं मनगट धरलं. मी खोलीच्या दारात उभी होते, हात ओकारीने भरलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीसाठी त्याला काही आठवत नव्हतं. मायसाठी आठवलं.

"थुंक," तो म्हणत होता. "थुंक नं माय."

"काहून थुंकू? तू बी हिच्याच बाजूचा का?" तिने गिळलं आणि वरून तांब्याभर पाणी प्याली. मग ओसरीवर बसून तिने बायकांना माझे एकेक गुण सांगायला सुरुवात केली. पातेल्यापासून. तासभर बोलत होती. मधून मधून पाणी मागत होती. मग तिची जीभ जड झाली. मग तिने माझ्या मेलेल्या सासऱ्याला हाक मारली आणि त्याला, तो समोर उभा असल्यासारखं, शिव्या द्यायला लागली. त्या शिव्या बायकांनी जन्मभर पुरवून पुरवून सांगितल्या. मग तिचा हात उठला आणि तीही हवेतून वेचायला लागली.

नवरा डॉक्टर आणायला धावला. टोपीशिवाय. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं मला समजतं की त्या घरात डॉक्टर कुणासाठी आला. सासूने ती मूठ खाल्ली नसती तर मी मिठाच्या पाण्यावर किती वेळ काढला असता ते सांगता येत नाही. लेकीचं हृदय माझ्या हाताखाली शिवणयंत्रासारखं चाललं होतं.

डॉक्टर टांग्यातून आला. आधी सासूला पाहिलं. मग लेकीला पाहिलं. दोघींच्या पापण्या वर करून त्याने विचारलं, काय खाल्लं. मी बरणी त्याच्यापुढे ठेवली. त्याने दाणे बोटांत फिरवले, वास घेतला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. सासूच्या घशात रबराची नळी घालून पोट धुतलं. ती शुद्धीवर नव्हती, तरी तिने डॉक्टरच्या कानाखाली मारली. लेकीला सुई दिली. म्हणाला, पोरीला काही दिवस आईचं दूध देऊ नका, खोली उघडी ठेवा, डोकं थंड ठेवा.

मग त्याने विचारलं, "हिला आधी उलटी कोणी करवली? वेळेवर करवली."

नवरा म्हणाला, "आमीच."

माझे हात अजून तसेच होते, डॉक्टरला डोळे असते तर दिसले असते.

दोन दिवस मी दोघींना सांभाळलं. एका खोलीत लेक, एका खोलीत सासू, आणि बोळ्याने शेळीचं दूध पिणारी तान्ही मांडीवर. विटाळ कुणी काढला नाही, कारण दुसरं करणारं कुणी नव्हतं. लेक आधी शुद्धीवर आली. तिने पोर मागितली. तिला काही आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तू ते घरात काहून ठेवलं होतं?" तिच्या आजीने ट्रंक का उघडली असं नाही विचारलं.

सासू उठून बसली त्याच दिवशी घर सारवायला काढलं. देव धुतले, मडकी फोडली, मला विहिरीवर बसवून शेण लावून थंड पाण्याने आंघोळ घातली. शेजारणींना तिने सांगितलं की पोट्टीला बाळंतवात होता, विटाळशी शिवल्याने तो भडकला आणि सेवा करता करता तिला स्वतःलाही लागला. उमरेडच्या लोकांपर्यंत हीच हकीगत गेली. पुढच्या बाळंतपणाला त्यांनी लेक माझ्याकडे पाठवली नाही. मी कधी विचारायला गेले नाही.

माझा पत्र्याचा डबा नवऱ्याने नाग नदीच्या नाल्यात टाकला. त्याच्याबरोबर आस्कंद टाकलं, जटामांसी टाकली, शतावरीही टाकली. मी म्हटलं, जटामांसीने काय केलं तुमचं? तो म्हणाला, "आता घरात मुळ्या नको." वैद्याकडे परत नेलं नाही. मला एकटीला जाता येत नव्हतं. म्हणून पुढचं सगळं मी कोरडंच काढलं. वाफा आल्या, धडधड आली, झोप गेली ती गेलीच. पागलखान्याचं नाव निघायचं थांबलं, कारण मी बोलणं थांबवलं. दोन हिवाळ्यांनी पाळी एकदा आली आणि परत आली नाही. वाफा आणखी वर्षभर टिकल्या, मग त्याही गेल्या. कुणाच्या औषधाने नाही.

आता बायका माझ्याकडे येतात, म्हणतात, आजी, जीव घाबरा होतो, रात्र सरत नाही, काहीतरी मुळी सांगा. मी जटामांसी सांगते, आस्कंद सांगते. झोपेच्या दाण्यांचं नाव कुणाला सांगत नाही. आणि त्यांच्या घरच्या माणसांची आशा धरायला सांगत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणी मेलं नाही. लेक जगली, तिची पोर जगली, मी जगले. सासूही जगली.